धुरावांचून वलय

घरांतील वडील मंडळींस अलीकडे एक नवाच प्रश्न भेडसावूं लागला आहे. मुलगा शिकावयास म्हणून अमरावतीस किंवा अकोल्यास राहतो, सुट्टींत घरीं येतो, आणि एखाद्या संध्याकाळीं गच्चीवर धाकट्या भावंडांचा घोळका जमवून तोंडांतून धुराचीं वलयें काढून दाखवितो. एक वलय संथपणें पुढें जातें, रुंदावतें, आणि मागून आलेलें दुसरें लहान वलय त्याच्या पोटांतून पार होतें. धाकटीं मुलें टाळ्या पिटतात. ही वार्ता खालीं माजघरांत पोंचली म्हणजे आजी कपाळास हात लावते, वडील रागें भरतात, काका "हा संगतीचा परिणाम" असा निकाल देऊन मोकळे होतात. आणि दुसऱ्या दिवसापासून तोच खेळ गच्चीवरून उठून रस्त्याच्या कोपऱ्यावर जातो. निषेध यथासांग झाला, परंतु प्रश्न जेथल्या तेथेंच राहिला.

आम्हांस वाटतें कीं, अशा प्रसंगीं वडील मंडळी दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करितात. तंबाखूचा धूर ओढणें ही एक गोष्ट, आणि धुराचें वलय पाहून मन मोहून जाणें ही दुसरी. पहिली त्याज्य आहे, यांत वाद नाहीं. दुसरी मात्र शुद्ध कुतूहलाची आहे, आणि याच कुतूहलापायीं एकोणिसाव्या शतकांतील कित्येक थोर शास्त्रज्ञांनीं आपलीं वर्षें खर्चीं घातलीं. दोहोंस एकाच काठीनें झोडपलें म्हणजे मुलाच्या मनांत एवढेंच ठसतें कीं, घरांतील माणसांस सुंदर गोष्ट दिसतच नाहीं. म्हणून आज आम्ही हुक्क्याची बाजू न घेतां वलयाची बाजू घेणार आहों. हीं दोन वेगळीं करतां येतात, आणि तीं घरच्या एका रिकाम्या डब्यानें वेगळीं करून दाखवितां येतात, एवढें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हुक्क्याचें कूळ पाहूं. "आपले पूर्वजही धूम्रपान करीत, मग आम्हींच काय घोडें मारलें?" असा प्रश्न चुणचुणीत मुलें विचारतात, आणि संस्कृताचें वरवर वाचन झालेले मोठेही त्यांस दुजोरा देतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, धूमपानाचा विधि आहे हें खरें. तेथें सुगंधी औषधि वाटून त्यांची वात करावयास सांगितली आहे. ती वाळवून, स्नेह लावून, नळीच्या टोकाशीं पेटवावयाची आणि ठरलेल्या वेळीं ठरलेला धूरच घ्यावयाचा. धूर तोंडावाटेंच बाहेर सोडावा, नाकानें सोडूं नये, कारण त्यानें डोळ्यांस अपाय होतो, असा इशाराही तेथें आहे. कोणी धूमपान करूं नये व अतिरेक झाल्यास कोणते विकार जडतात, हेंही त्याच अध्यायांत सांगितलें आहे. बाणभट्टाच्या कादंबरींतला शूद्रक राजा भोजनोत्तर धूमवर्ति ओढतो, हेंही खरें. परंतु या सर्वांत तंबाखूचा मागमूस नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें. कारण तंबाखूचें झाड मूळ अमेरिकेंतलें. चरकाच्या काळीं तें या भूमीस ठाऊकच नव्हतें. वैद्यानें नेमून दिलेल्या वातीचा दाखला देऊन हुक्का ओढणें म्हणजे औषधाच्या पुडीचा दाखला देऊन अफू खाण्यासारखें आहे.

तंबाखू हिंदुस्थानांत आणली पोर्तुगीजांनीं, पश्चिम किनाऱ्यावरून, सोळाव्या शतकांत. तेथून ती दख्खनेंत रुजली आणि दख्खनेंतून दिल्ली-आग्र्याकडे गेली. अकबराचा एक सरदार असदबेग हा इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें रत्नजडित नळी व तंबाखू ठेविली. त्याचें स्वतःचेंच वर्णन उपलब्ध आहे. बादशहानें दोनचार झुरके घेतले. दरबारच्या हकिमानें मात्र हरकत घेतली कीं, या वस्तूविषयीं आमच्या ग्रंथांत कांहीं लिहिलेलें नाहीं. पुढें जहांगीरानें १६१७ सालीं तंबाखू ओढण्यास बंदी केली. ती बंदी किती पाळली गेली हें पुढच्या काळांतील चित्रांतून उघड दिसतें. एकाही चित्रांत उमरावाच्या हातीं हुक्क्याची नळी नसावी, असें क्वचितच घडतें.

आमचें वऱ्हाड १५९६ सालीं मोंगलांकडे गेलें. बाळापूर व अचलपूर हीं मोंगल व निजाम सरदारांचीं ठाणीं. तेव्हां हुक्का आमच्या प्रांतास परका राहिला नाहीं, यांत नवल नाहीं. हुक्का हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ डबी किंवा करंडा असा आहे. खालीं पाण्याचें भांडें, त्यांतून वर आलेला नैचा, नैच्यावर चिलीम, चिलमींत गुळाच्या पाकांत कुटलेला गुडाखू, आणि त्यावर निखारे, अशी त्याची मांडणी. झुरका घेतला कीं धूर पाण्यांतून बुडबुडे काढीत येतो व गुडगुड असा आवाज होतो, म्हणून मराठींत त्यास गुडगुडी हें गोड नांव पडलें. पाटील-देशमुखांच्या वाड्यांत गुडगुडी, शेतकऱ्याच्या हातीं चिलीम, आणि भटाभिक्षुकाच्या कमरेस तपकिरीची डबी, अशी व्यसनाची वांटणी समाजानें करून ठेविली होती. व्यसनावांचून मात्र कोणीच राहिलें नाहीं. शेगांवच्या गजानन महाराजांच्या चिलमीची कथा तर वऱ्हाडांत घरोघर ठाऊक आहे. मुलें कधीं तिचाही आधार घेतात. त्यांस एवढेंच सांगावें कीं, त्या कथेचें मर्म विस्तवावांचून पेटलेल्या चिलमींत आहे, तंबाखूंत नाहीं. आणि संतांचें अनुकरण जर करावयाचेंच तर आरंभ त्यांच्या वैराग्यापासून करावा.

आतां मूळ विषयाकडे वळूं. धुराचें वलय म्हणजे काय? पाहणारास वाटतें कीं, धूर कांकणासारखा वांकविला आणि हवेंत सोडून दिला. वस्तुतः तसें नाहीं. पाणी भरणाऱ्या बायका डोक्यावर चुंबळ घेतात, तशा आकाराचा हवेचा एक भोंवरा तेथें फिरत असतो. चुंबळीच्या आंतल्या कडेची हवा पुढें धांवते, बाहेरच्या कडेची मागें वळते; मागें वळलेली पुन्हा आंत शिरून पुढें येते. एखाद्या नळाच्या आंतल्या भिंतीस चिकटून बसलेलें रबरी कडें स्वतःभोंवतीं वळत वळत पुढें गडगडत जावें, तशी ही गति असते. वलय पुढें सरकतें तें कोणी ढकलतें म्हणून नव्हे. तें आपल्या स्वतःच्या फिरण्यानेंच पुढें जातें. ही फिरती हवा आपल्या पोटांतला धूर सहसा बाहेर सांडूं देत नाहीं, म्हणून वलय हातभर दूर जाऊनही मोडत नाहीं. धूर तेथें केवळ प्रवासी आहे; गाडी हवेची आहे.

हें गणित प्रथम मांडलें हेल्महोल्ट्झ नांवाच्या जर्मन पंडितानें, १८५८ सालीं. घर्षण मुळींच नसेल तर असा भोंवरा कधींही मरणार नाहीं, तो सदैव त्याच कणांचा बनलेला राहील, असें त्यानें सिद्ध केलें. एकामागून एक दोन वलयें चाललीं तर पुढचें रुंदावून मंद होतें, मागचें आकसून वेग घेतें व पुढच्याच्या आंतून निघून जातें. मग भूमिका बदलतात, हेंही त्यानेंच सांगितलें. गच्चीवरचीं मुलें ज्यास करामत म्हणतात, ती अशी कागदावर आधीं उमटली. पुढें स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील प्राध्यापक टेट यांनीं या निबंधाचें इंग्रजी भाषांतर केलें आणि १८६७ सालीं आपले मित्र विल्यम टॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले, यांस प्रत्यक्ष प्रयोग दाखविला. एक लांकडी पेटी, तिच्या एका बाजूस वाटोळें भोंक, समोरची बाजू काढून तेथें ताणून बसविलेलें कापड, आणि आंत रासायनिक रीतीनें केलेला नवसागराचा पांढरा धूर. कापडावर थाप मारली कीं भोंकांतून वलय बाहेर पडे. या पेटींत तंबाखूचें पानही नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

तीं वलयें एकमेकांवर आदळून रबराच्या कड्यांसारखीं थरथरत व तरीही मोडत नसत, हें पाहून टॉमसन इतके थक्क झाले कीं, विश्वांतील प्रत्येक परमाणु हाही असाच एक अविनाशी भोंवरा असावा, अशी उपपत्ति त्यांनीं त्याच वर्षीं मांडली. निरनिराळ्या मूलद्रव्यांचे परमाणु म्हणजे निरनिराळ्या गांठी मारलेले भोंवरे, असें मानून टेट यांनीं गांठींचीं कोष्टकें करण्यास आरंभ केला. परमाणूची ती उपपत्ति पुढें खोटी ठरली. गांठींचें शास्त्र मात्र जगलें आणि आज तें गणिताची एक स्वतंत्र शाखा होऊन बसलें आहे. कुतूहल प्रामाणिक असलें म्हणजे चुकलेल्या वाटेवरही कांहीं हातीं लागतें, हें मुलांस सांगण्याजोगें आहे.

"परंतु वलय अधिक चांगलें कसें काढावें?" असा मुलांचा खरा प्रश्न असतो. शिक्षकानें प्रश्न टाळूं नये, असा आमचा जुना नियम आहे. म्हणून त्याचेंही उत्तर देतों. चांगल्या वलयास तीन गोष्टी लागतात. पहिली, वाट वाटोळी व कड स्वच्छ हवी. ओठांचा 'ओ' करितात तो यासाठींच. दुसरी, धक्का लहान व एकदम हवा. सावकाश फुंकल्यास धुराचा लोट निघतो, वलय निघत नाहीं. यालाही माप आहे. १९९८ सालीं अमेरिकेंत घरीब व त्यांचे सहकारी यांनीं पाण्यांत प्रयोग करून दाखविलें कीं, भोंकाचा जो व्यास असेल त्याच्या सुमारें चौपट लांबीचा स्तंभ एका धक्क्यांत बाहेर पडला म्हणजे वलयाची भूक भागते. त्याहून अधिक ढकललें तर तें वलयांत न शिरतां मागें शेपटासारखें लोंबत राहतें. व्यास दोन इंच तर स्तंभ आठ इंच, असें हें त्रैराशिक आहे. तिसरी गोष्ट म्हणजे निश्चल हवा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पंखा किंवा कूलर चालूं असतां वलयाची आशा धरूं नये. थंडीच्या दिवसांत, दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत, सकाळच्या प्रहरीं तें उत्तम साधतें. या तिन्ही गोष्टींत तंबाखूचें नांव कोठें आलें? वाटोळेपणा, धक्का आणि स्थिरता. या तिन्ही डब्यानें साधतात, आणि तोंडाहून अधिक चांगल्या साधतात.

तो डबा असा करावा. सुमारें एक फूट लांबीचा पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा डबा घ्यावा. एका टोकास मधोमध दोन इंच व्यासाचें वाटोळें भोंक पाडावें व त्याची कड घांसून सारखी करावी. दुसरें टोक सबंध कापून टाकून त्यावर मोठ्या फुग्याचें रबर किंवा चिवट प्लास्टिकचा कागद डफासारखा ताणून सुतळीनें घट्ट बांधावा. धूर भरण्यासाठीं डबा भोंक खालीं येईल असा उभा धरावा आणि वीतभर खालीं दोनतीन उदबत्त्या धराव्यात. धूर आपल्या स्वभावानेंच वर चढून डब्यांत सांठतो. पेटती उदबत्ती डब्यांत घालूं नये, आणि हें काम मोठ्या माणसानें जवळ राहून करावें. मग डबा आडवा धरून क्षणभर थांबावें व ताणलेल्या रबरावर मधोमध टिचकी मारावी. पहिल्या दोनतीन टिचक्या फुकट जातील, चौथीस वलय निघेल. प्रयोग संपला म्हणजे खिडक्या उघडाव्यात. उदबत्तीचाही धूर कोंडून ठेवूं नये.

एकदां हात बसला कीं पुढील प्रयोग क्रमानें करावेत. एक: हलकी टिचकी व लगेच जोराची टिचकी द्यावी. मागचें वलय पुढच्यास गांठतें, आणि नेम साधला तर त्याच्या आंतून जातें. आट्यापाट्यांत पाटी चुकवून निसटणाऱ्या गड्याची आठवण होईल. दोन: वलय सपाट भिंतीकडे सोडावें. भिंतीजवळ येतां येतां तें आपटून फुटण्याऐवजीं रुंद रुंद होत जातें. तीन: वाटोळ्या भोंकावर चौकोनी भोंकाचा पुठ्ठा चिकटवावा. चौकोनी वलय निघेल असें मुलें पैजेनें सांगतील. निघतें तेंही वलयच, फक्त त्याचे कोपरे आंत-बाहेर हेलकावे खात जातात. चार, आणि हाच मुख्य: डब्यांतला धूर पूर्ण जाऊं द्यावा. तीन-चार हातांवर एक पेटती मेणबत्ती ठेवावी. देवापुढची समई घेऊं नये. आजीचा रोष ओढवेल आणि तो रास्तच असेल. आतां धुरावांचून, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी. क्षणभर कांहींच होत नाहीं, आणि मग जणुं कोणी अदृश्य हातानें चिमटीत धरावी तशी ज्योत वांकते किंवा विझते. टिचकी आणि ज्योत यांच्यामधला तो क्षण मुलांस मोजावयास लावावा. तेवढा वेळ वलय हवेंतून चालत गेलें. कोणास दिसलें नाहीं इतकेंच.

येथें आम्हांस आमचें जुनें न्यायशास्त्र आठवतें. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमानाचें उदाहरण प्रत्येक पाठशाळेंत प्रथम शिकवितात. परंतु उलट म्हणतां येत नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं शिकवितात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर मात्र नाहीं. ओलें सरपण असेल तरच अग्नीपासून धूर होतो. तद्वत् धुराचें वलय दिसलें म्हणजे तेथें हवेचा भोंवरा असलाच पाहिजे. पण भोंवरा असला म्हणजे धूर असलाच पाहिजे, ही व्याप्ति खोटी आहे, आणि विझलेली मेणबत्ती हा तिचा तप्त लोहगोल आहे. ज्या मुलानें हा प्रयोग स्वतःच्या हातानें केला, त्यास "वलय पाहिजे तर हुक्का पाहिजे" हें मित्रांचें म्हणणें पुन्हा तसेंच पटणार नाहीं.

सृष्टींत तर असलीं वलयें ठायीं ठायीं आहेत. इटलींतील एटना ज्वालामुखीच्या एका नव्या वाटोळ्या मुखांतून एप्रिल २०२४ मध्यें वाफेचीं प्रचंड वलयें एकामागून एक आकाशांत जातांना लोकांनीं पाहिलीं. डॉल्फिन मासे, ज्यांस प्राणिशास्त्र मासे म्हणत नाहीं, पाण्यांत हवेचीं कडीं सोडून त्यांच्याशीं खेळतात. सर्वांत जवळचें वलय तर आपल्या छातींत आहे. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यांत झडपेवाटे शिरतें, तेव्हां तेथें असेंच रक्ताचें वलय उठतें, आणि त्याच्या फिरण्यामुळें कप्पा नीट भरतो. मिनिटास सत्तर-ऐंशी वेळां, जन्मल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत, प्रत्येक जण नकळत वलयें काढीत असतो. हुक्क्याच्या धुराचा आघात हृदयावरही होतो. तोंडांतील वलय सुबक व्हावें म्हणून हृदयांतील वलय बिघडविणें, असा हा सौदा आहे.

कारण पाण्यांतून आलेला धूर निरुपद्रवी होतो, ही समजूत निखालस खोटी आहे. पाण्यानें धूर थंड होतो, गाळला जात नाहीं. थंड झाला म्हणूनच तो घशास न टोंचतां अधिक खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं जें टिपण काढलें, त्यांत हिशेब दिला आहे. सिगारेट ओढणारा पांचसात मिनिटांत आठ ते बारा झुरके घेतो. हुक्क्याची बैठक वीस ते ऐंशी मिनिटें चालते व तींत पन्नास ते दोनशें झुरके, तेही मोठाले, घेतले जातात. एका बैठकींत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर पोटांत जाऊं शकतो. शिवाय चिलमीवरचे निखारे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु सोडतात; तो रक्तांतल्या प्राणवायूची जागा बळकावतो. "आमच्यांत तंबाखू नाहीं, नुसता फळांचा स्वाद आहे" असें सांगणाऱ्या हुक्क्यांतही निखारे तेच असतात. एकच नळी दहा तोंडांत फिरते, तिजबरोबर क्षयासारखे रोगही फिरूं शकतात, हें निराळेंच. ज्या अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तरुणांच्या छात्या रुंद करण्याचें व्रत चालविलें आहे, त्या अमरावतींत शिकावयास आलेल्या मुलानें छातीचा हा उपयोग करावा, हें आम्हांस खटकतें.

कायद्यानें आपल्यापरी काम केलें आहे. मुंबईंत कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगींत चौदा माणसें दगावलीं, आणि अग्निशमन दलाच्या चौकशींत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविलें गेलें. पुढच्याच वर्षीं, २०१८ सालीं, महाराष्ट्रानें केंद्राच्या २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यांत राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का-पार्लरांवर बंदी घातली. मोडणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. विजेवर चालणाऱ्या सिगारेटींवर केंद्र सरकारनें २०१९ सालीं बंदी घातली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत जातो. गच्चीवर जाण्याचा जिना घरांतून आहे, आणि त्याचा पहारा घरच्यांनींच करावयाचा आहे.

येथें वडील मंडळींस दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या विदर्भांत खर्रा नांवाचा एक पदार्थ आहे. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदांत घोटून तो करितात, आणि कचेरींतून परतलेला कारकून, ओसरीवर बसलेला काका, क्वचित् आमच्यासारखा सेवानिवृत्त शिक्षकही तो गालांत धरून असतो. गुटख्यावर महाराष्ट्रानें २०१२ सालीं बंदी घातली; खर्ऱ्यानें त्याची उणीव भासूं दिली नाहीं. तोंडाच्या कर्करोगाचें मूळ याच पुडींत आहे. ज्याच्या गालांत खर्रा आहे, त्यानें मुलाच्या तोंडांतील धुराविषयीं व्याख्यान दिलें, तर मुलगा उलट बोलणार नाहीं. तो मान खालीं घालून ऐकेल, आणि मनांत हंसेल. आमच्या शिक्षकीच्या सर्व वर्षांत एक गोष्ट आम्हांस पक्की पटली आहे ती ही कीं, मुलें आपलें ऐकत नाहींत, आपल्याकडे पाहतात. घरांतून हुक्का घालवावयाचा असेल तर पुडी, डबी आणि मिश्रीही त्याच दिवशीं घरांतून गेली पाहिजे. आजीच्या मिश्रीचें नांव घेतांना आमचा जीव थोडा कचरतो. पण नियम सर्वांस एकच असावा.

आणि मग मुलास रागें न भरतां डब्याकडे बोलवावें. त्यास हा विषय धाकट्यांना शिकवावयास सांगावें. वलयें काढण्याचा हात त्याला आधींच अवगत आहे, त्याची घरांत नामुष्की करण्याऐवजीं त्यास उपाध्याय करावें. कौतुक हवें म्हणून तो धूर ओढत असेल तर तेंच कौतुक त्यास डब्यापुढें मिळेल, आणि धाकटीं भावंडें ज्याच्याभोंवतीं जमतात त्यास आपल्या मागें कोण चालत आहे याचें भान लौकर येतें. सवय जडलीच असेल तर मात्र हा डबा पुरा पडणार नाहीं; तेथें लाज न बाळगतां वैद्य-डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तंबाखू सोडूं इच्छिणारांस सल्ला देण्यासाठीं सरकारनें १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनि ठेविला आहे.

दिवाळीच्या सुट्टींत घरोघर मुलें एकत्र येतील, तेव्हां हा प्रयोग अवश्य करावा. मेणबत्ती किती हातांवरून विझली, भोंक एक इंचाचें, दोन इंचांचें व तीन इंचांचें केल्यास अंतरांत काय फरक पडला, आणि डबा लांब केल्यानें काय झालें, याचें कोष्टक मुलांनीं वहींत मांडावें व आमच्याकडे धाडावें. नीट मांडलेल्या कोष्टकांचा गोषवारा आम्ही याच सदरांत देऊं.